बाहेर म्हणजे कुठे?

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि जागा रिकामी करून द्यायची तारीख हातात पडली, तेव्हा घरात माळ्याचा विषय निघाला. कोथरूडमधल्या चाळीसेक वर्षांच्या इमारती एकामागून एक पाडल्या जातायत, त्यांतली आमची एक. दोन-अडीच वर्षं भाड्याच्या घरात काढायची, मग परत यायचं. भाड्याच्या घराला माळा नाही. नव्या फ्लॅटच्या नकाशातही नाही. बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, "काका, लॉफ्ट आता कुणी मागत नाही."

मग एका रविवारी सकाळी मी शिडी लावली. खाली दोघी उभ्या. एक बायको, तिला सगळं काढायचं होतं. दुसरी माझी थोरली बहीण, साताऱ्याहून मुद्दाम आलेली, तिला काहीच काढू द्यायचं नव्हतं. मी वरून एकेक वस्तू खाली देत होतो आणि ऐकत होतो. मध्ये बोलायची सोय नव्हती, कारण शिडी त्या दोघींनीच धरली होती.

सुरुवात सोपी झाली. चितळ्यांच्या श्रीखंडाचे डबे, एकात एक घातलेले, नायलॉनच्या दोरीने बांधलेले. डबे ४१. झाकणं २६.

"हे तरी जाऊ दे," बायको म्हणाली.

"झाकणवाले ठेव," ताई म्हणाली. "कुणाला चार लाडू द्यायचे तर कशात देशील? स्टीलचा डबा दिला की तो परत मागायचा संकोच. त्यांना तो रिकामा परत द्यायचा संकोच. श्रीखंडाचा डबा कसा, देऊन विसरून जाता येतो."

हे पटण्यासारखं होतं. सहा डबे राहिले.

मग पितळी टाकीचा पंपाचा स्टोव्ह आला. त्याची पिन केव्हाच हरवलेली.

"हा कशाला?"

"असू दे. लागेल कधीतरी."

हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलंय, की पाटी रंगवून माळ्याच्या दाराला लावायला हरकत नव्हती.

"ताई, कोथरूडला चौरस फुटाचा भाव माहितीये ना?" बायको म्हणाली. "इतक्या महागड्या जागेत हा पिन नसलेला स्टोव्ह तीस वर्षं फुकट बसून आहे. भाडेकरू असता तर आपण कोर्टात गेलो असतो."

"तुला नाही कळायचं ते," ताई म्हणाली. "गॅसचा नंबर लागायला आमची वर्षं गेली. बाबांनी बजाजची स्कूटर बुक केली. कारखाना आकुर्डीला, सायकलवर जाऊन बघून यावा इतका जवळ, आणि स्कूटर दारात आली तेव्हा माझं लग्न होऊन मी साताऱ्याला गेले होते. वस्तू म्हणजे लागलेला नंबर होता गं. नंबर लागलेला कुणी टाकतं का?"

"नसेल टाकत. पण आता हा पेटवणार कशावर? रॉकेल कुठून आणणार?"

ताई थांबली. स्टोव्ह जाणाऱ्या ढिगात गेला. बायकोने तेवढ्यावर सोडलं नाही.

"मला एक सांगा, खंडेनवमीला बाबा काय काय पुजायचे?"

काय पुजायचे ते मलाही आठवत होतं. पाटावर पक्कड, कानस, करवत, पाना. आईच्या शिवणयंत्राला झेंडूची माळ. स्कूटर धुऊन तिच्या हँडलला आंब्याची डहाळी. माझ्या कंपासपेटीवरसुद्धा हळदकुंकू.

"आणि माळ्यावरून काय उतरवायचे?"

"काही नाही," ताई म्हणाली.

"मग? वर्षातून एक दिवस घरातल्या प्रत्येक कामाच्या वस्तूला हळदकुंकू लागतं. जिला तीस वर्षांत झेंडूची पाकळीही मिळाली नाही, ती आपल्या घरात आहे असं तरी कशाला म्हणायचं?"

ही कसोटी मला आवडली. आमच्या मुलीने मागे मारी कोन्डो ह्या जपानी बाईंचं पुस्तक पाठवलं होतं. वस्तू हातात घ्यायची, मनाला आनंद झाला तर ठेवायची, नाही तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. ताईने ते चाळून म्हटलं होतं, "पोळपाट हातात घेऊन मला आयुष्यात कधी आनंद झाला नाही. पोळ्या मात्र झाल्या." त्या बाईंनीही तिसरं मूल झाल्यावर घर आवरण्याचा नाद बराचसा सोडल्याचं २०२३ मध्ये सांगून टाकलं. खंडेनवमी त्यामानाने टिकाऊ आहे.

पुढचा पाऊण तास वाद न होता गेला. कॅसेटी गेल्या, टेबलफॅनची जाळी गेली (फॅन सापडलाच नाही), माझ्या कॉलेजच्या नोट्स गेल्या. नोट्सबद्दल मला कुणी विचारलं नाही. मग मी अडकित्त्यांची पिशवी खाली दिली. चार अडकित्ते, एक पितळी, त्यावर मोर. घरात आता सुपारी कुणी खात नाही. बायकोने तो मोर बघितला, पिशवी खाली ठेवली आणि हात पुसले. ताईला तेवढं पुरलं.

"टाक ना. आणि टाकलंस की तशीच बाजीराव रस्त्यावर जा आणि केळकर संग्रहालयालाही कुलूप लावून ये."

राजा दिनकर केळकर संग्रहालय पुण्यातल्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत बघितलेलं असतं आणि नंतर पाहुणे आले की. दिनकर केळकरांचं घराण्याचं चष्म्यांचं दुकान, स्वतः 'अज्ञातवासी' ह्या नावाने कविता करणारे. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचं वेड लागलं आणि पुढची कित्येक दशकं ते गावोगाव हिंडून दिवे, दौती, कुलपं, अडकित्ते, फण्या, पाय घासायच्या वज्र्या जमवत राहिले. राजांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ असतात, केळकरांनी बायकांच्या हातातल्या वस्तू जमवल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं.

"केळकरांनी 'हे काय कामाचं' म्हटलं असतं तर?" ताई म्हणाली. "त्या वज्र्या आज काचेआड आहेत. एके काळी त्या कुणाच्या तरी न्हाणीघरातच पडलेल्या होत्या ना?"

मला वाटलं, आता बायको हरली. ती खाली पेपरावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "त्या तिथून केळकरांकडे आल्या कशा?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी घर आवरलं. कुणीतरी म्हणालं, घेऊन जा हो, आमच्या काही कामाची नाही. केळकरांनी जमवलं ते माझ्यासारख्यांनी माळा रिकामा केला म्हणून. सगळ्यांनी तुमच्यासारखं 'असू दे' म्हटलं असतं तर केळकरांना काय मिळालं असतं? आणि आपल्या कोथरूडचीच गोष्ट घ्या. मस्तानीचा महाल तिथे मांडलाय तो इथून उचलून नेलेला. इथेच राहिला असता तर आज त्याचाही पुनर्विकास झाला असता."

शिडीवर असूनही मी टाळी वाजवणार होतो. संग्रहालयाकडे ह्या बाजूने मी कधी बघितलं नव्हतं. शिवाय त्या संग्रहालयातही वस्तू २० हजारांवर आहेत आणि मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे माळा त्यांनाही चुकलेला नाही.

पण ताई सातारची सून आहे आणि सातारा जिल्ह्यात वाई आहे.

"बरं. मग राजवाड्यांचं काय?" ती म्हणाली. "इतिहासाचार्य राजवाडे. वाईला त्यांना पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली, त्याचा खंड १८९८ ला निघाला. पुढे २२ खंड केले त्या माणसाने. वाड्यावाड्यांतून दप्तरं काढली. आणि त्याच वेळी लोक तसलेच कागद वाण्याकडे रद्दीत घालत होते, पुड्या बांधायला. तुझ्यासारखंच माळे आवरत होते ते. मिरच्यांची पुडी सोडल्यावर त्या कागदावर काय होतं, कुणी वाचलं?"

"आणि माळ्यावर राहिलेल्यांचं काय झालं?" बायको म्हणाली. "वाळवीने खाल्ले. ते कुणी टाकले नव्हते ताई, ते नीट ठेवलेले होते. तुमच्यासारखेच."

दोघी गप्प झाल्या. मला राजवाड्यांचं आश्चर्य वाटतं ते इथेच. त्यांना एकाच वेळी दोन शत्रूंशी लढायचं होतं, टाकणाऱ्यांशी आणि ठेवणाऱ्यांशी. दप्तरं घरात जपून ठेवणारा माणूस ती उघडूनही बघू द्यायला तयार नसायचा, आणि तो मेला की त्याचा मुलगा तीच वजनावर विकायचा. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, त्यामागे हीच निकड होती. कागद ना माळ्यावर राहावेत, ना वाण्याकडे जावेत, अशी तिसरी जागा हवी होती.

अडकित्त्यांचा निकाल तेव्हा लागला नाही. पोहे खायला खाली उतरलो.

दुपारी जुनं सामान घेणारा टेम्पोवाला आला. पितळ बघून त्याने काटा काढला, लोखंड घेतलं, पुठ्ठे घेतले. दाराशी तीन वस्तू राहिल्या. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही, फोमची गादी आणि चिनी मातीच्या कपबश्या, निम्म्या कानतुटक्या. ह्याला भाव नाही, म्हणाला, पण दोनशे द्या, मी टाकतो. बायको पर्स आणायला वळली.

"कुठे टाकणार?" ताईने विचारलं.

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

तो हसला. "काकू, बाहेर म्हणजे बाहेर."

ताई आमच्याकडे वळली. "ऐकलंस? सकाळपासून मी ह्याचीच वाट बघत होते. तू काढ काढ म्हणतेस. काढलेलं जातं कुठे? मुठेच्या काठी जाऊन बघ, अशाच गाद्या दिसतील. पुण्याचं 'बाहेर' इतकी वर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी होतं. तिथल्या लोकांचं पाणी नासलं, ते गाड्या अडवून रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे आपल्याला कळलं की बाहेर कुणीतरी राहतं. जुन्या कापसाच्या गादीचं बरं होतं. पिंजाऱ्याकडे द्यायची, त्याच कापसाची नवी गादी. ह्या फोमचं कोण काय करणार? आणि मला अडगळवाली म्हणतेस, गेल्या महिन्यात त्या चाकांच्या तीन प्लास्टिकच्या पेट्या कशाला आणल्यास?"

"सामान नीट लावायला."

"म्हणजे पसारा ठेवायला नवा पसारा."

बायकोने पर्स ठेवून दिली. टेम्पोवाला दोनशे रुपयांविना गेला, आणि गादी दाराशीच राहिली. अपार्टमेंटच्या जिन्यात फोमची गादी ठेवली की शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, ते दोन दिवस बघावे लागले.

सोमवारी सकाळी आमच्या मजल्यावरचा कचरा नेणाऱ्या स्वच्छच्या ताई आल्या. स्वच्छ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. १९९३ साली बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातून पुढे ही संस्था निघाली आणि २००८ पासून ती महापालिकेसोबत दारोदारचा कचरा उचलते आहे. साडेतीन हजारांवर सभासद, त्यात बहुतेक बायका. अडगळीबद्दल ह्या शहरात कुणाचं मत घ्यायचं तर त्यांचंच घ्यावं. त्यांनी ढिगाकडे एकदा बघितलं आणि जोंधळे पाखडल्यासारखं वेगळं केलं. कडक प्लास्टिक इकडे, मऊ तिकडे. कपबश्यांतल्या धड असलेल्या आठ बाजूला काढल्या, "ह्या चालतात की." गादीला हात लावला नाही. "काका, हे आम्हाला नाय परवडत. मोठ्या सामानाची गाडी वेगळी असते, हापिसात फोन करा. टीव्ही फोडू नका कुणाला, आत शिसं असतं." मग त्या बायकोला म्हणाल्या, "तुमी लई साठवता बुवा," आणि बायकोने काहीही खुलासा केला नाही. बाजूला ताई उभी होती, तिनेही केला नाही.

कपड्यांना बोहारीण होती. शर्टाची कॉलर उजेडाकडे धरून ती घासलीये का हे बघणाऱ्या बाईला फसवता येत नाही. बारा कपड्यांवर तिने एक पातेलं काढलं, बायकोने झाकण मागितलं, तिने अजून दोन पॅंटी मागितल्या. एक पातेलं घरातून कमी करायला बसलेल्या माणसाकडे असं एक पातेलं जास्त झालं. ताई काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघून घेतलं.

खरं भांडण रविवारीच संध्याकाळी झालं होतं, ते मी शेवटी ठेवलंय. माळ्याच्या पार कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेली एक पितळी तपेली होती. पोचा आलेली, आतून कल्हई उडालेली, काळी पडलेली. टेम्पोवाल्याने तिच्यावर डोळा ठेवला होता. बायकोने ती घासणीने पुसली आणि काठाखाली अक्षरं दिसली. पूर्वी भांड्यावर नाव घालणारे दारावर यायचे, त्यांनी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली. आजोबांचं नाव, खाली 'नारायण पेठ', खाली १९५४.

"ही नाही जायची," ताई म्हणाली. तिचा आवाज सकाळसारखा नव्हता.

"का पण? भोक पडायला आलंय."

"पानशेतच्या पुरातली आहे."

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण आणि मागोमाग खडकवासल्याचं फुटलं तेव्हा ताई सात वर्षांची होती, मी जन्मलोही नव्हतो. नदीकडेच्या पेठांत पाणी शिरलं, आमचा वाडा त्यातच. माणसं वर पर्वतीकडे गेली, घर गेलं. पाणी ओसरल्यावर राहिला तो गाळ. आठ-दहा दिवसांनी एक अनोळखी माणूस विचारत विचारत आला, हातात ही तपेली. ओंकारेश्वराच्या बाजूला गाळ उपसताना सापडली, नाव वाचलं, पेठ वाचली, म्हणून आणून दिली. पुरातून आमच्या घरची परत आलेली ही एकच वस्तू. आईने तिच्यात पहिल्यांदा भात लावला तो गोखलेनगरला, पूरग्रस्तांच्या घरात.

"ह्या बाईने मग काही टाकलं नाही," ताई म्हणाली. ह्या बाईने म्हणजे आईने. "एकदा सगळं गेलेलं असतं ना, मग झाकण नसलेला डबासुद्धा टाकवत नाही. तुम्ही तिला कंजूष म्हणायचात."

म्हणायचो. मीही म्हणायचो.

बायको तपेली हातात धरून बसली होती. मला वाटलं, ती आता ताईची माफी मागेल. ती चिडली.

"ताई, माझं लग्न होऊन चौतीस वर्षं झाली. सासूबाई माझ्याजवळच गेल्या. हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. तुम्हाला नाही सुचलं, ह्यांना नाही सुचलं. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलीत. आज तुम्ही आला नसतात तर मी ही काट्यावर ठेवली असती, आणि चूक कुणाची असती? माझी? हिला जपलंत म्हणता? हिला तुम्ही दुसऱ्यांदा गाळात घातलीत."

ताईकडे ह्याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, म्हणून मी वरच बसून राहिलो.

मंगळवारी बायको तपेली घेऊन कसब्यात तांबट आळीत गेली. पोचा काढून मिळाला. भोकाजवळ डाग दिला, आतून कल्हई झाली. कारागिराने नाव घासून काढू का विचारलं, तिने हात आडवा धरला. आता तिच्यात रविवारचा मसालेभात होतो.

बाकीचं थोडक्यात. गादी आणि टीव्ही स्वच्छच्या गाडीतून गेले. घरातल्या अकरा मुलांना जोजवलेला लाकडी पाळणा बायकोला नको होता, ताईला हवा होता. मग बायको म्हणाली, "तुमचा साताऱ्याचा माळा रिकामाच असेल ना, सगळं आमच्याकडे ठेवल्यामुळे?" पाळणा टेम्पोने साताऱ्याला गेला. भाडं मी दिलं. अडकित्त्यांपैकी मोराचा राहिला, तीन गेले. प्लास्टिकच्या तीन पेट्या भरल्या आहेत, त्यांत काय आहे ते बायकोलाच ठाऊक.

एक पत्र्याची ट्रंकही निघाली होती. तिच्यात लाल कापडाचा एक रुमाल, आत मोडीतले चाळीसेक कागद, कडा वाळवीने कुरतडलेल्या. आमच्यात मोडी कुणाला येत नाही. ओळखीच्या एका जाणत्या गृहस्थांना दाखवले. पानिपत वगैरे काही नाही. एका गावातल्या बैलांच्या आणि बियाण्याच्या उसनवारीचे हिशेब आहेत. म्हणाले, टाकू नका, असलेच हिशेब कुणी ठेवत नाही.

तुमच्या माळ्यावर असा रुमाल असेल, तर रद्दीच्या काट्यावर चढवण्याआधी एकदा सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवून या. श्रीखंडाच्या डब्यांचं तुमचं तुम्ही बघा.